दुखण्याला अनुमोदक

लिफ्टमधली नोटीस वाचून मी हसले आणि तिथेच फसले.

नॉर्थ यॉर्कमधल्या त्या जुन्या भाड्याच्या बिल्डिंगमध्ये आम्ही नवरा-बायको नुकतेच राहायला आलो होतो. लिफ्टमध्ये नेहमीचे कागद लावलेले असायचे. पाणी अमुक वेळ बंद राहील, कुणाची मांजर हरवली आहे, कुणाला सोफा विकायचा आहे. त्या दिवशी त्यांच्या मधोमध, चारी कोपऱ्यांना टेप लावून, सुवाच्य अक्षरात एक मराठी कागद होता. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, साप्ताहिक सभा मंगळवारी सकाळी अकरा वाजता लॉन्ड्री रूममध्ये भरेल. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' बिल्डिंगमध्ये इराणी, कोरियन, फिलिपिनो, रशियन, आणि त्यात हे. मी गणसंख्येपाशी आले आणि मला हसू आवरेना. मागे कानटोपी घातलेले एक उंच, वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, मराठी का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, वाटलंच, बाकीचे लोक नुसता कागद बघतात, तुम्ही गणसंख्येला हसलात. लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी मला सभासद करून घेतलं होतं. वर्गणी किती असं मी विचारलं, तर म्हणाले वर्गणी नाही, फक्त उपस्थिती.

त्यांना सगळे चेअरमन म्हणत. त्यांना नाव होतं, पत्रपेटीवर ते इंग्रजीत लिहिलेलंही होतं, पण ते कुणी वापरत नसे. ठाण्याला एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे ते इतकी वर्षं चेअरमन होते की पुढे पुढे लोकांनी निवडणूक घ्यायचंच सोडून दिलं होतं. हे त्यांचं म्हणणं. आमच्या एक सभासद सुलभाताई, त्यांच्या मते दुसरं कुणी उभंच राहत नसणार, कारण निवडून आलं की टाकी धुवून घ्यावी लागते. पन्नाशीत सरकारी नोकरी सोडून बायकोला आणि मुलीला घेऊन ते टोरांटोला आले, आणि इथे एका पार्किंग लॉटच्या काचेच्या खोपटात बसून बसून निवृत्त झाले. त्याचा कडवटपणा नव्हता. ते म्हणायचे, ठाण्यात मी वॉचमनची हजेरी घ्यायचो, कॅनडाने मलाच वॉचमन केलं, तेव्हा दोन्ही बाजू माहीत असलेला मी एकमेव चेअरमन आहे. खुर्ची सुटली तरी सवय काही सुटली नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

सभा लॉन्ड्री रूममध्ये का, तर पार्टी रूमला भाडं पडतं आणि लॉन्ड्री रूम फुकट, शिवाय उबदार. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि समोर गरगरणारे ड्रायर. प्रत्येकाने आपले कपडे आणायचे असा नियम होता, म्हणजे बिल्डिंगची देखरेख करणाऱ्या सुपरिंटेंडंटला बोलायला जागा राहत नाही. ड्रायर सुरू झाला की सभा सुरू, ड्रायर थांबला की सभा समाप्त. कामकाज रेंगाळलं तर चेअरमन मशिनमध्ये पुन्हा कार्ड घालून सभेला मुदतवाढ देत. मी घरून काम करायचे. आपल्या लोकांच्या लेखी घरून काम करणारी बाई म्हणजे रिकामीच, त्यामुळे माझी कुठलीही सबब चालली नाही. धुण्याच्या टोपलीवर लॅपटॉप ठेवून मी तिथे ऑफिसच्या इतक्या मीटिंगा केल्या की हिच्या घराजवळ विमानतळ आहे अशी माझ्या ऑफिसात समजूत होती.

सभासद काही फार नव्हते. एक सोलापूरच्या सुलभाताई. मुलगा वॉटर्लूला नोकरीला, त्यामुळे त्या एकट्या राहायच्या आणि एकटेपणाची भरपाई बोलून करायच्या. दुसरे वसईचे पास्कोल काका. जन्म केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत गेलेला, मुलाने बोलावलं म्हणून म्हातारपणी इकडे आलेले, आणि नातवंडं मोठी झाल्यावर आपण होऊन लहानशा फ्लॅटमध्ये वेगळे राहिलेले. ते इतकं कमी बोलत की त्यांची उपस्थिती त्यांच्या खोकल्यावरून धरावी लागे. तिसरी मी. आणि अध्यक्षस्थानी अर्थातच चेअरमन, बायको गेल्यापासून तेही एकटेच.

अनुमोदकाची पद्धत सुरू झाली ती पास्कोल काकांच्या गुडघ्यापासून. ही गोष्ट मी येण्याच्या आधीची, पण मला ती इतक्यांदा ऐकवली गेली की आता आपण तिथे होतो असंच मला वाटतं. काकांचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. चेअरमनांनी पिच्छा पुरवून डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळवली. डॉक्टर म्हणजे एक तरुण इराणी बाई, स्वभावाने फार गोड. काका आत गेले. बाईंनी विचारलं, हाऊ आर यू टुडे? काका म्हणाले, फाइन, थँक यू डॉक्टर, आणि तुम्ही? बाई म्हणाल्या, मीही फाइन. मग त्यांनी काकांचं ब्लडप्रेशर घेतलं, ते उत्तम निघालं, आणि काका लंगडत बाहेर येऊन म्हणाले की बाई अगदी सोन्यासारखी आहे.

सुलभाताई पोट धरधरून हसल्या. चेअरमन हसले नाहीत. पुढच्या मंगळवारी त्यांनी ड्रायरसमोर उभं राहून त्याचं विवेचन केलं. त्यांचं म्हणणं असं, की पंगतीत वाढणाऱ्याने जिलबी पुढे केली तर आपण काय म्हणतो? नको. दुसऱ्यांदा? नको नको, पुरे झालं. तिसऱ्यांदा तो आग्रह करतो तेव्हा आपण घेतो आणि चांगल्या चार खातो. आपल्या माणसाचं दुखण्याचंही तसंच आहे. पहिल्याच विचारण्याला दुखणं सांगणं म्हणजे हावरटपणा. आपण 'बरं आहे' म्हणायचं, मग समोरच्याने 'चेहरा उतरलाय' म्हणायचं, मग आपण 'काही नाही हो, वयाचं' म्हणायचं, मग त्याने खोदून विचारायचं, आणि तेव्हा कुठे गुडघा बाहेर येतो. आपल्याकडचे डॉक्टर हे ओळखून असतात. इथला डॉक्टर एकदाच विचारतो. आपण नको म्हटलं की तो जिलबी घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

म्हणून ठराव झाला की यापुढे कुणीही सभासद डॉक्टरकडे एकटा जाणार नाही. सभेत कसं, एकाने ठराव मांडायचा आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यायचं. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच बारगळतो. तसंच दुखण्याचं. ज्याचं दुखतं तो सूचक, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक अनुमोदक. सूचकाने शेपूट घातली तर अनुमोदकाने खरं काय ते सांगायचं.

पुढच्या खेपेला काकांबरोबर चेअरमन स्वतः गेले. बाईंनी विचारलं, काका म्हणाले फाइन, आणि चेअरमन उठून उभे राहिले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आय मूव्ह ॲन अमेंडमेंट."

बाई दचकल्या. पण हुशार होत्या, त्यांनी लगेच काकांना पँट गुडघ्याच्या वर घ्यायला लावली. त्या उन्हाळ्यात काका बाल्कनीतल्या कुंड्यांत वाल आणि मिरच्या लावण्याइतके चालते-फिरते झाले. बाईंनाही ही पद्धत पटली असावी, कारण पुढे कधी सुलभाताई एकट्या गेल्या तर त्याच विचारायच्या, आज सेकंडर कुठे आहे?

सुलभाताईंचा प्रश्न मात्र उलटा होता. त्यांना आग्रह लागत नसे, आवरावं लागे. क्लिनिकच्या भिंतीवर पाटी होती की एका भेटीत एकच तक्रार सांगावी. ही पाटी आपल्यालाच उद्देशून लावली आहे अशी ताईंची खात्री होती. त्यांच्या टाचा दुखायच्या, कानात गुणगुणायचं आणि छातीत जळजळायचं, आणि त्यांच्या मते ही तिन्ही दुखणी नणंदेच्या मुलाच्या मुंजीत एकाच दिवशी सुरू झाली असल्यामुळे त्यांना एकच तक्रार धरायला हरकत नव्हती. डॉक्टरांना मुंज सांगण्यातच वेळ संपायचा. शेवटी चेअरमनांनी मतदान ठेवलं. ताईंनी टाचांसाठीही हात वर केला आणि कानासाठीही, तेव्हा त्यांनी मोजणी थांबवून सगळं मतदान पहिल्यापासून घेतलं. कान निवडून आला. माझ्या टाचांना माझ्याशिवाय कुणी नाही, असं म्हणून ताई दोन मंगळवार आमच्याशी अबोला धरून बसल्या. म्हणजे त्यांच्या मानाने अबोला.

मतमोजणीच्या बाबतीत चेअरमन फार कडक. ठाण्याला एकदा गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा की नाही यावर एका मताचा फरक पडला होता, आणि ते मत त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं. मेव्हण्याने उत्साहाच्या भरात दोन्ही हात वर केले म्हणून यांनी ते बाद केलं. मेव्हणा बोलेनासा झाला तो आजतागायत. चेअरमनांना त्याचं वाईट वाटायचं, पण पश्चात्ताप नव्हता. ते म्हणायचे, माणूस रुसला तर कधीतरी परत येईल, पण मोजणीत एकदा हात मारला की पुढे आपल्या शब्दाला कुणी विचारत नाही.

पैशाचा कारभारही सोसायटीच्याच चालीवर. ठाण्याची पेन्शन रुपयांत यायची, इथल्या सरकारची म्हातारपणाची डॉलरमध्ये, आणि दोन्ही मिळून जेमतेम भागायचं. भाडं आणि ग्रोसरी म्हणजे मेंटेनन्स. चष्मा आणि कानातलं यंत्र हा दुरुस्ती निधी. आणि स्वतःच्या शेवटच्या खर्चासाठी बाजूला टाकलेलं ते सिंकिंग फंड. बिल्डिंग पाडायची वेळ येईल तेव्हाच त्याला हात लावायचा असतो, हे ते इतक्या उत्साहाने समजावून सांगत की ऐकणाऱ्यालाच कसंतरी व्हायचं. शिवाय रूपांतरबंदीचा ठराव होता. डॉलरचे रुपये करून बोलायचं नाही, कारण सुलभाताई दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन गुणाकार करायच्या आणि जुडी जागेवर ठेवायच्या, आणि त्यांच्या घरची आमटी त्यामुळे हिवाळाभर बोडकी असायची. रूपांतर करणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा असा दंड होता. पहिल्या चहाला किती खर्च आला ते ताईंनी रुपयांत सांगितलं आणि दुसरा चहा पाजला.

दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागे. त्यासाठी वकिलातीचा माणूस एका देवळाच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसायचा. चेअरमन तिथेही पास्कोल काकांना घेऊन जात. एकदा तो माणूस म्हणाला, आजोबा, तुम्ही स्वतः समोर उभे आहात, एवढं पुरे आहे, साक्षीदार नको. चेअरमन म्हणाले, नुसती उपस्थिती पुरेशी नाही, उपस्थित असून हयात नसलेली पुष्कळ माणसं मी सभांमधून पाहिली आहेत. मग काकांनी खोकून अनुमोदन दिलं आणि मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मी बरेच दिवस गंमत म्हणूनच बघत होते. घरी नवऱ्याला नकला करून दाखवायचे. एकदा सुलभाताईंच्या कानासाठी मी चेअरमनांबरोबर अनुमोदक म्हणून गेले होते. येताना ताई वाटेत भाजी घ्यायला थांबल्या आणि मी आणि चेअरमन बसस्टॉपवर उभे राहिलो. बर्फ भुरभुरत होता. मी हसत हसतच विचारलं की चेअरमन, हे अनुमोदकाचं खूळ तुमच्या डोक्यात नेमकं आलं कुठून, गुडघा तर निमित्त झाला असेल. ते रस्त्याकडे बघत म्हणाले,

"आमच्या हिचं पोट दुखायचं, मॅडम. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी बरोबर जायचो. डॉक्टर विचारायचे, ही म्हणायची बरं आहे. मी सांगायचो, शी इज फाइन. भाषांतर अगदी चोख होतं."

मग ताई आल्या, बस आली. ते पुढच्या सीटवर बसले आणि खिशातून दुकानाची जाहिरात काढून तांदूळ कुठे स्वस्त आहे ते मला दाखवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी मी तांदळाला हं हं म्हणत राहिले. त्यानंतर मी नकला करायचं बंद केलं आणि मंगळवार चुकवायचंही.

तर असे हे चेअरमन. सरकारी खात्याला ते भीत नसत, डॉक्टरला भीत नसत, मरणाची तर त्यांनी आर्थिक तरतूदच करून ठेवली होती. त्यांना भीती एकाच गोष्टीची वाटायची, ती म्हणजे विनिपेगची.

विमानाने जावं लागतं अशा दूरच्या विनिपेगला त्यांची एकुलती एक मुलगी राहायची, अश्विनी. तिचं घर मोठं होतं आणि त्याचं बेसमेंट तिने कार्पेट घालून, वेगळं वॉशरूम काढून, बाबांसाठी तयार ठेवलं होतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. ती विचारायची, बाबा कसे आहात, हे म्हणायचे एकदम फाइन, तू? ती म्हणायची, ऑल गुड. मग ती बेसमेंटचा विषय काढायची आणि हे तिथल्या थंडीचा. आम्हाला ते सांगायचे, सोसायटीचा कारभार बिघडला की सरकार प्रशासक नेमतं. प्रशासक वाईट नसतो. पाणी वेळेवर येतं, जिना रोज झाडला जातो. पण मग चेअरमनला आपल्याच बिल्डिंगमध्ये खिळा ठोकायचा तर परवानगी लागते. अश्विनी म्हणजे प्रशासक. आणि एकदा का ही जागा सोडली की सगळंच गेलं. जुन्या भाडेकरूचं भाडं इथे फारसं वाढवता येत नाही, ते सोडून दिलं की त्या पैशात पुन्हा खुराडंसुद्धा मिळत नाही. हातातला डॉक्टर जाणार, आणि नव्या गावात डॉक्टर मिळेपर्यंत माणूस आपोआप बरा तरी होतो किंवा दुसरं काहीतरी होतं. प्रांत बदलला म्हणून हेल्थ कार्डसुद्धा नव्याने काढायचं. सभेचं तर नावच नको. बेसमेंटमध्ये गणसंख्या कुठून आणू, असं ते आम्हालाच विचारायचे.

त्या जानेवारीत त्यांना चक्कर यायला लागली. सभा चालू असताना ते ड्रायरला धरून उभे राहिलेले मी पाहिलं, तर म्हणाले मशिन फार हादरतंय, जरा दाबून धरलंय. दुसऱ्यांदा लिफ्टमध्ये खाली बसले होते, तर म्हणाले बुटाची नाडी. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मग एका रविवारी त्यांनी अश्विनीचा फोन उचलला नाही. तिने बऱ्याचदा लावला आणि शेवटी पास्कोल काकांना फोन केला. काकांनी सुपरिंटेंडंटकडून किल्ली आणून दार उघडलं. चेअरमन स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून जमिनीवर बसले होते, कपाळाला खोक पडली होती, आणि आपण इथे स्वखुशीने बसलो आहोत असं त्यांचं म्हणणं होतं.

अश्विनीने सांगितलं की डॉक्टरला दाखवा, नाहीतर मी तिकीट काढून न्यायला येते. यांनी दोन्ही केलं नाही, विशेष सभा बोलावली. विषय एकच होता, चेअरमन यांची प्रकृती उत्तम असल्याबाबत. ठराव मंजूर करून विनिपेगला पाठवायचा होता. कपाळावरची पट्टी कानटोपीखाली लपवून ते खुर्चीत बसले. डॉक्टरने काही खोट काढली की मुलगी आपल्याला उचलून नेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आम्हालाही. ते गेले की आमचं काय उरणार होतं? लॉन्ड्री. सुलभाताईंनी तर विषय वाचून व्हायच्या आतच ठराव मांडला.

"अनुमोदक?" चेअरमनांनी विचारलं आणि सवयीने पास्कोल काकांकडे पाहिलं.

काका समोरच्या मशिनकडे बघत होते. नजर न हलवता म्हणाले, "मी नाय देणार."

आजवर सभेत त्यांनी तोंडाने उच्चारलेलं ते पहिलंच वाक्य असेल. चेअरमनांनी माझ्याकडे पाहिलं. मी एकदा घडी घातलेली चादर उलगडून पुन्हा घडी घालत होते. मी मान हलवली. मला त्यांच्या डोळ्यांत बघायचं धाडस झालं नाही. आमच्यातलं कुणीतरी लबाडी करेल अशी त्यांना आशा असावी, पण आम्ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेलो होतो. त्यांनी ड्रायरकडे पाहिलं, आणि अनुमोदकाअभावी ठराव बारगळला असं त्यांनीच जाहीर केलं. आवाज नेहमीसारखाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही त्यांच्याबरोबर क्लिनिकमध्ये गेलो. इराणी बाईंनी विचारलं, हाऊ आर यू? चेअरमन म्हणाले, फाइन. आम्ही तिघं एकदम उभे राहिलो. बाईंना हसू आलं. मग त्यांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली आणि हसू मावळलं. हृदय फार सावकाश चाललं होतं, मध्येच थांबतही होतं. तिथूनच त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं आणि पेसमेकर बसवला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की काळजीचं कारण नाही, पंप तोच आहे, फक्त ऑटोमॅटिक स्विच टाकलाय. घरी सोडताना त्यांनी नर्सकडे बिल मागितलं. बिल नसतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. एवढं मोठं काम झालं आणि त्यात तपासायला काहीच नाही, हे त्यांना बरं वाटलं नाही.

अश्विनी आली ती सुटी काढून. आठवडाभर तिने त्यांचं घर घासलं, डबे लावले, औषधं मांडली. चाळिशीची, नीटनेटकी, भराभर बोलणारी बाई. विनिपेगबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, आणि त्यामुळे चेअरमन जास्तच घाबरले. मंगळवारी त्यांनी आपण होऊन तिला सभेला आणलं. विशेष निमंत्रित म्हणून, बोलायचा अधिकार, मताचा नाही. विषय होता त्यांचं स्थलांतर. त्यांना हा विषय एकदाचा चारचौघांत निकालात काढायचा होता.

आधी ते स्वतः बोलले, आणि खरं सांगते, छान बोलले. स्विच बसला आहे, डॉक्टर समाधानी आहेत. एक किल्ली पास्कोल काकांकडे राहील. सकाळी उठल्यावर ते सुलभाताईंना फोन करतील, आणि ताईंशी बोलून झाल्यावरही माणूस जिवंत असेल तर तब्येत ठणठणीत समजावी. ताई हसल्या, आम्ही सगळेच हसलो. त्यांच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. ते राहू शकत होते. स्थलांतराच्या विरोधात मत द्यायचं हे आम्ही तिघांनी आधीच, त्यांच्या नकळत, ठरवलं होतं.

मग त्यांनी विशेष निमंत्रितांना बोलायला सांगितलं. अश्विनीने फोनवर काहीतरी लिहून आणलं होतं. तिने ते पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

"बाबा, तुम्हाला एकट्याला जमत नाही असं मी म्हणतच नाहीये. यू आर मॅनेजिंग. मला जमत नाहीये." ती मान खाली घालून बोलत होती. "त्या रविवारी तुम्ही फोन उचलला नाहीत ना, तेव्हापासून फोन वाजला की मी दचकते. नाही वाजला तर सारखी उचलून बघते. रात्री झोप नाही. ऑफिसमध्ये वॉशरूममध्ये जाऊन रडते. आणि तुम्ही विचारता, कशी आहेस, तेव्हा मी ऑल गुड म्हणते."

ड्रायरमध्ये कुणाच्या तरी शर्टची बटणं खडखडत होती.

"अनुमोदक?" चेअरमन म्हणाले. ते सवयीने म्हणाले असावेत.

 बोलणार कोण? तिच्या म्हणण्याला अनुमोदन देणं म्हणजे त्यांना विनिपेगला धाडणं. सुलभाताईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. पास्कोल काका खोकलेसुद्धा नाहीत. मी चेअरमनांकडे बघत होते आणि ते मुलीकडे बघत होते. नुसते बघत नव्हते, तपासत होते म्हणा. डोळ्यांखालची वर्तुळं, उतरलेली मान, नखं कुरतडलेली बोटं. आठवडाभर ती त्यांच्या घरात वावरत होती आणि ते स्वतःच्या बचावाचं भाषण तयार करत होते.

त्यांनी पास्कोल काकांना उठवून आपल्या खुर्चीवर बसवलं, कारण अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही. मग ते सावकाश चालत गेले आणि अश्विनीच्या शेजारी जाऊन बसले.

"हिचं दुखणं खरं आहे," ते म्हणाले. "माझं अनुमोदन आहे."

अश्विनीने त्यांच्या दंडावर डोकं टेकलं. त्यांनी थोडा वेळ तिला तसंच राहू दिलं. मग ते उठले, आपल्या खुर्चीवर परत आले, आणि स्थलांतराचा ठराव मताला टाकला. बाजूने किती, म्हणून विचारलं आणि स्वतःचा हात वर केला. तो एकच हात होता. विरोधात किती म्हटल्यावर आमचे तिघांचे हात वर गेले. सुलभाताई रडत होत्या, तरी त्यांचा हात सगळ्यांत उंच होता. चेअरमनांनी एकेका हाताकडे नीट पाहिलं, नेहमी पाहायचे तसंच, घाई न करता.

"ठराव सर्वानुमते मंजूर," ते म्हणाले.

फेरमोजणी कुणी मागितली नाही.